उजेडावर लावलेलं माझं डोकं

तोंडावर चप्पल होती.

आधी वास आला. चामड्याचा, फिनेलचा, संडासाचा. मग डोळे उघडले आणि चप्पल दिसली. मग ती धरणारा मिसचा हात. हाताला रुमाल गुंडाळलेला.

मी चौथीत होते. सिल्वासातली इंग्रजी माध्यमाची शाळा. प्रार्थना चालू असताना मी पडले, हातपाय झाडले, युनिफॉर्म ओला केला. हे सगळं नंतर मुलींनी सांगितलं. एकीने मैदानात आडवं होऊन नक्कलही करून दाखवली.

आकडी आली की चामड्याची चप्पल हुंगवायची, असं आमच्या पाड्यावर मानत. मिसच्या कोकणातल्या घरीही मानत. त्यात त्यांचं आमचं काही वेगळं नव्हतं. प्रश्न होता चप्पल कोणाची.

माझ्या पायात रबरी स्लिपर. ती चालत नाही. चारी बाजूंना काळे, पॉलिश केलेले बूट. मामलेदारांच्या मुलीचे, इंजिनियरच्या मुलीचे. एकीने बूट काढायला घेतला होता म्हणे. मिस तिला म्हणाल्या, "तुझा नको गं. तिच्या तोंडाला लागेल. शी."

मग संडास धुणाऱ्या मावशींची चप्पल आणली.

मी उठून बसले तेव्हा मावशी मुलींच्या मागे उभ्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी त्यांच्या पायाकडे बघत होते.

संध्याकाळी बाबांना बोलावलं. बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर. मिस म्हणाल्या, "हुशार आहे म्हणून ठेवतोय. पुन्हा असं झालं तर बघा तुम्ही." बाबांनी हात जोडले. आम्ही कोकणा आदिवासी. आईचं माहेर दुधनीचं. तिथली जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली. शाळेने माझी फी माफ केली होती, आणि ती माफ केल्याचं दरवर्षी मला वर्गात उभं करून सांगत. हात जोडण्याशिवाय बाबांकडे दुसरं काय होतं?

आईने माझं तोंड राखेने घासलं. घासता घासता म्हणाली, "कोनाला सांगू नको, बाय. लगीन नाय व्हायचा तुजा."

सरकारी दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या मिळाल्या. त्या मी भाताच्या घासात लपवून घ्यायची. घरातसुद्धा. दहावीपर्यंत आकडी थांबली. पुढे गोळ्याही थांबल्या. लपवणं थांबलं नाही.

कॉलेजला मुंबईला गेले. मेंदूचा अभ्यास घेतला. लोकांनी कारण विचारलं की मी म्हणायची, "स्कोप आहे." खरं कारण वेगळं होतं. प्रार्थना आणि चप्पल यांच्या मधल्या वेळात माझं काय झालं होतं, ते मला जाणून घ्यायचं होतं. तेवढा वेळ मी कुठे होते?

नव्वदनंतर मुंबईच्या एका संस्थेने आमच्या भागात काम सुरू केलं. गावांत आकडी येणारी माणसं शोधायची, त्यांना वापीला नेऊन डोक्याचं स्कॅन करायचं. सिल्वासाला लागून असलेल्या आमलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मला घेतलं, कारण मला इथली भाषा यायची. मुलाखतीत कामाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले होते, "जीपने गावोगाव फिरावं लागेल. तब्येत ठणठणीत ना?" मी हो म्हणाले.

सर मला नावाने हाक मारत नसत. "आमची लोकल कुठे गेली?" असं विचारत. माझ्याबरोबर प्राची होती, मुंबईच्या डॉक्टरांची मुलगी. स्कॅनच्या फिल्म आम्ही दोघी वाचायचो. पाहुणे आले की बोलायची प्राची. मी चहाचं बघायची.

बहुतेक पेशंटच्या फिल्मवर मेंदूत एक पांढरा ठिपका दिसायचा. फीतकृमीचं, म्हणजे टेपवर्मचं, अंडं पोटात जातं, त्यातली अळी रक्तातून मेंदूत पोचते, तिथे मरते, आणि तिचा चुना होतो. तो ठिपका. त्याच्याभोवतीचा मेंदू मधूनच भडकतो आणि माणूस पडतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वतःचं डोकं चाचपून पाहिलं.

मग एक दिवस चहाच्या वेळची गोष्ट.

सर म्हणाले, "पेशंट भरपूर झाले. आता तुलनेसाठी कंट्रोल हवेत. याच लोकांतले, हेच पाणी पिणारे, पण आकडी नसलेले. एक तरी हेल्दी ट्रायबल ब्रेन दाखवा मला." आणि माझ्याकडे बघून हसले. "अरे, ही बसलीये की समोर!"

प्राची म्हणाली, "सर, हिचा चालेल का? एम.एस्सी. झालीये. सॅम्पल बिघडेल." सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून तोंडावर जाणवतं.

नाही म्हटलं तर 'का?' विचारतील. हो म्हटलं तर मशीन सांगेल.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको जाव. पोट दुखतं सांग." एकदा सांगितलं. दुसऱ्या वेळी सरांनी जीप दारात उभी केली. आणखी काही गावकरी आधीच आत बसले होते.

वापीला मशीनच्या गोल तोंडात डोकं ठेवलं. कपाळावर पट्टा आवळला. "हलायचं नाही," टेक्निशियन म्हणाला. मी कुठे हलणार होते? चौथीपासून मी हललेच नव्हते.

फिल्मवर नाव नसे, नुसता नंबर. माझा नंबर मीच टाकला होता.

दोन दिवसांनी आमलीच्या खोलीत फिल्म बघायच्या पेटीतली ट्यूब लावली. मुंबईहून दोन डॉक्टर आले होते. सर एकेक फिल्म लावत होते. माझी लागली. मी दाराशी ट्रे घेऊन उभी.

ठिपका होता. मोहरीएवढा, पांढराशुभ्र. फिल्मवर डावीकडे, म्हणजे डोक्यात उजवीकडे. उजवा मेंदू डावा हात हलवतो. आई सांगायची, "आधी तुजा डावा हात उडं." ठिपका बरोबर तिथेच होता. एवढी वर्षं माझ्याबरोबर.

"हा कंट्रोल?" सर म्हणाले. "कुणी निवडला हा?"

प्राची हसली. "सर, डुक्कर खातात, हात धूत नाहीत. यांच्यात हेल्दी कुठून आणायचा?"

पाहुणेही हसले.

"काढा तो. फेकून द्या," सर म्हणाले. "ग्रुप खराब होतोय. दुसरा आणा."

म्हणजे मी सुटले होते. ट्रे ठेवायचा, फिल्म कचऱ्यात टाकायची, दुसरा माणूस आणायचा. नोकरी राहील. कोणाला कळणार नाही.

प्राचीने फिल्म काढली. बोटांच्या टोकांनी, कडेला धरून. फिल्म तशीच धरतात, ठसे उठू नयेत म्हणून. मला ते माहीत होतं. तरी मला तिच्या हाताला गुंडाळलेला रुमाल दिसला.

"ती माझी आहे," मी म्हणाले.

"काय तुझी?"

"फिल्म. ते माझं डोकं आहे, सर. मला चौथीपासून आकडी यायची."

मी थांबले नाही. "आणि प्राची, डुक्कर खाल्ल्याने डोक्यात हे होत नाही. कच्चं खाल्लं तर पोटात कृमी होतो. डोक्यातलं येतं ते माणसाच्या मैल्यातून. पाण्यातून, हातातून, कच्च्या भाजीतून. तुझ्या घरच्या कोशिंबिरीतूनसुद्धा. गेल्या महिन्यात याच भिंतीवर तू स्लाइड दाखवून सांगितलंस."

प्राची सरांकडे बघायला लागली.

"लपवलंस तू," सर म्हणाले. "जीपमध्ये काही झालं असतं तर?" मग पाहुण्यांकडे बघून त्यांचा आवाज मऊ झाला. "असू दे. टीममध्ये आता ठेवता येणार नाही. पण पेशंटच्या ग्रुपमध्ये ये. तुझी केस इंटरेस्टिंग आहे."

ते हे दया म्हणून म्हणाले. चपलेपेक्षा ते जास्त लागलं.

"केस होईन," मी म्हणाले. "पण पेपर लिहिणाऱ्यांतही माझं नाव पाहिजे. अर्ध्या फिल्म मी वाचल्यात."

सर हसले. "तसं नसतं, बेटा." बेटा म्हणाले. पहिल्यांदाच.

"मग दोन्ही नको."

मी प्राचीच्या हातातून फिल्म घेतली.

"ती प्रोजेक्टची प्रॉपर्टी आहे," सर म्हणाले.

"डोकं माझं आहे."

आमलीच्या रस्त्याने फिल्म काखेत धरून घरी आले. आईला सगळं सांगितलं. जेवताना ती म्हणाली, "आता लगीन?" मी म्हणाले, "नाही झालं तर नाही." तिने ताट सरकवलं आणि उठून गेली. आजही ती माझ्याशी मोजकंच बोलते. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिने मला जगवलं ते लपवूनच.

पुढच्या महिन्यात दुधनीला मामीच्या अंगणात फिल्म आभाळाकडे धरली. हे माझं डोकं, म्हटलं. बायका जवळ आल्या. एकीने ठिपक्यावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं काढलं. दुसरी म्हणाली, "माज्या लेकीच्या डोक्यात पन आसंच आसंल?" मी म्हणाले, "असेल. बघावं लागेल. गोळी आहे त्याला. आणि पडली तर कुशीवर वळवायचं. तोंडाला काही लावायचं नाही."

त्यानंतर दोन ठिकाणी मुलाखत दिली, मेंदूच्याच कामासाठी. दोन्हीकडे पहिलं वाक्य तेच सांगितलं, मला आकडी यायची. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणीही तेच सांगणार आहे. मेंदूचं काम मी सोडणार नाही, आणि माझी फिल्म कुणापासून लपवणार नाही.

आणि माझ्यासमोर कोणी पडलं, अन् कोणी चप्पल आणायला धावलं, तर तो हात मी मनगटाशी धरणार. मग तो मिसचा असो, सरांचा असो, की माझ्या आईचा.