नानांच्या गाडीतला खटका

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात: जुनं ऑइल आणि गिऱ्हाइकांचे किस्से. ऑइल न्यायला निदान कोणी तरी येतं. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून तुमच्या गळ्यात मारतो!

तलासरीला हायवेवर आमचं गॅरेज. मी आणि माझा पार्टनर जितूभाई. बोर्डीचे नाना आमचं खास गिऱ्हाईक. चिकूची वाडी आहे, हातात मोबाइल आहे, त्यामुळे गाडीतलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

नानांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली ती बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी. त्या कोसबाडला शाळेत शिकवतात. डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही. ही गाडी आली आणि त्यांचं रिक्षाची वाट बघत उभं राहणं सुटलं.

मग गाडीत खटका येऊ लागला. नानांनी निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. विकून टाकू. तू जा रिक्षाने!"

किती हा उदारपणा! मला वहिनींसाठी फार वाईट वाटलं.

*

पहिल्या खेपेला टेस्ट ड्राइव्हला निघालो. पहिल्याच वळणावर धाड्! आवाज मागून. डिकी उघडली, तर आत दोन सुटे नारळ.

"हे कधीपासून आहेत?"

"असतील पूजेचे," नाना म्हणाले. "पण ते गिअरबॉक्सला का आपटतात?"

नारळ काढले. निम्मा आवाज गेला.

*

महिन्याभरात गिअर अडखळत पडायला लागले. नानांनी घरीच ऑइल बदललं होतं.

"कुठलं घातलंत?"

"ट्रॅक्टरचं. मस्त जाड आहे!"

ऑटोमॅटिकला पातळ आणि वेगळंच ऑइल लागतं. सगळं काढून पुन्हा भरताना माझं डोकं फिरलं. "नाना, सर्दी झाली तर बैलाचं औषध घेता का?"

नाना विचारात पडले. "सर्दीला नाही घेतलं कधी."

*

नंतर सायवनला लग्नाला गेले. गाडी उतारावर लावली, नुसती P मध्ये. निघताना P मधून काढली आणि ठाण्! हँडब्रेक नाही, त्यामुळे गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर.

"आधी हँडब्रेक लावत जा," मी म्हटलं.

"P म्हणजे पार्किंगच ना? मग ही दोन-दोन लफडी दिली कशाला?"

जितूभाई गंभीरपणे म्हणाला, "एक तोडवा माटे, नाना! एक तोडायला!"

*

तरी खटका होताच. शेवटी नाना म्हणाले, "गिऱ्हाईक बघितलंय. एकदा तपासा, मग देऊन टाकतो." सोबत वहिनी होत्या, पर्स घट्ट धरून.

आम्ही स्कॅनर लावला, खालून सगळं हलवून बघितलं. काहीच नाही. मी म्हटलं, "वहिनी, जरा तुम्ही चालवा."

वहिनींनी रिव्हर्स घेतला, थांबल्या, मग पुढे. चढावर नेली, परत आणली. खटका नाही.

"ती हळू चालवते म्हणून!" असं म्हणत नाना स्वतः बसले. रिव्हर्स घेतला आणि गाडी मागे जात असतानाच खटकन पुढे जायचा D टाकला. धाड्!

"नाना, गाडी आधी थांबू द्या!"

"एवढा वेळ कोणाला आहे?" सकाळपासून आमच्याकडे चहा पीत बसलेले नाना म्हणाले.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," मी सांगितलं.

"मग खराब काय आहे?"

मी जितूभाईकडे बघितलं, जितूभाईने हायवेकडे. वहिनींनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"जितूभाई, सापडला ना खराब पार्ट? जरा मागच्या सीटवर ठेवा!"