सासूबाईंच्या वडिलांनी बोहेमिया का सोडला

"माझे वडील बोहेमियातून का पळाले, ते कळल्याशिवाय मी ऑपरेशन करून घेणार नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. तिथल्या बादशहाच्या सैन्यात जायला नकार देऊन ते इंग्लंडला आले, असं त्या जन्मभर सांगत होत्या. आता शंका येऊ लागली: मागे एखादी बायको तर सोडली नव्हती? ठाऊक असणारी एकच उरली होती, स्कारबरोला राहणारी त्यांची आतेबहीण मिलाडा.

१९९१च्या मेमध्ये सासूबाई, माझा नवरा पीटर आणि मी इल्फर्डच्या घरून गाडीनं निघालो. जाणार असाल तर ए-वन हा हमरस्ता धरा आणि खाणं घरून न्या. सर्व्हिस स्टेशनवरच्या चहाच्या पैशांत साताऱ्यात जेवण होतं. माझ्या तिखटमिठाच्या पुऱ्या सासूबाईंनी जॅम लावून खाल्ल्या.

मिलाडाबाईंच्या दारात सपातांची रांग होती. सवयीनं मी चपला काढल्या. सासूबाई बुटांसकट गालिच्यावर.

"बूट!" मिलाडाबाई ओरडल्या.

"मी इंग्लिश आहे. परक्या घरी बूट काढत नाही."

माझ्या साडीखालचे मोजे बघून मिलाडाबाईंनी मला मिठी मारली. "माझ्या मामाची नात ही! घरचं वळण लपतंय होय!"

"मी साताऱ्याची."

"बोहेमियाच्या पूर्वेला?"

"बरंच पूर्वेला." हे खोटं नव्हतं. पण प्रामाणिक होतं का?

सासूबाई तरातरा गाडीत जाऊन बसल्या, पीटर त्यांच्या मागे. मी केक खात त्यांच्या वडिलांचं गुपित ऐकलं.

बायको नव्हती. बादशहाही नव्हता. मिलाडाबाईंचा हा मामा पहाटेपासून ट्रॉम्बोन, म्हणजे लांबलचक पितळी कर्णा, वाजवायचा, आणि फार वाईट. गाई दूध देईनात. शेवटी गावानं वर्गणी काढून त्याला इंग्लंडचं तिकीट काढून दिलं. एकेरी.

घरी पोचल्यावर चहा करून मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"मला वाटायचं, ट्रॉम्बोन असाच वाजतो." मग म्हणाल्या, "त्यांना सोडायला स्टेशनवर कोण आलं होतं?"

"अख्खं गाव."

"पाद्रीसुद्धा?"

"पाद्रीसुद्धा. लोक रडले म्हणे."

पुढच्या आठवड्यात वॉर्डमधल्या नर्सला त्या ताठ बसून सांगत होत्या, "माझ्या वडिलांना निरोप द्यायला अख्खं गाव लोटलं होतं. रडत होते सगळे."

'आनंदानं' हा मिलाडाबाईंचा एक शब्द मी गाळला होता. तो अजून माझ्याकडेच आहे.