चिपला पाय शिकवताना

आमच्या गाडीला लिंबू-मिरची कधी लागली नाही. सासऱ्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात असले प्रकार बंद. जुनी का होईना, गाडी दारात आली तेव्हा आम्ही ती विहारासमोर उभी केली, वंदना म्हटली, पेढे वाटले आणि घरी आलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, निदान चाकाखाली एक लिंबू तरी ठेवा." मी म्हटलं, "सरबत करते त्याचं, या प्यायला." दोन महिने बोलल्या नाहीत माझ्याशी. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं आई म्हणायची, ते काही खोटं नव्हतं.

तर अशा घरात माझ्या नवऱ्यानं गाडीची पॉवर वाढवणारी चिप आणली. कशी, ते सांगते.

मागच्या वर्षी साखरेनं ह्यांचे डोळे धरले. पडद्याला सूज आली. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, शांतपणे म्हणाल्या, "दर महिन्याला इंजेक्शन घ्या, आहे ती नजर टिकेल, कदाचित सुधारेलसुद्धा. पण गाडी आता चालवायची नाही." ज्या माणसानं अंबरनाथहून बदलापूरला माझ्या आईकडे, लेकीला कॉलेजला, बाबांना म्हणजे सासऱ्यांना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे स्वतः नेलं, त्याला बाजूला बसा म्हणणं सोपं नसतं. माझ्याशी बोलले नसतील तेवढे हे त्या गाडीशी बोलले असतील.

लेक नोकरीसाठी पुण्याला. बाबांचं वय झालेलं. राहिले कोण, तर मी. लायसन्स होतं माझ्याकडे, कपाटात, साड्यांच्या खाली. घेतल्यावर दोनदाच गाडी चालवली होती. दुसऱ्या वेळी उड्डाणपुलाच्या मधोमध चढावर गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मागचा रिक्षावाला ओरडतोय, "आंटी, ब्रेक मारो, ब्रेक!" आणि बाजूला बसलेले हे त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतायत. मी हँडब्रेक ओढला आणि भर पुलावर गाडीतून उतरले. तेव्हापासून माझं एकच म्हणणं, गाडीत दमच नाही, चढाला मरते ती.

म्हणजे आता गाडी चालवणारं घरात कोणी नाही, मग ती ठेवायची कशाला? उल्हासनगरचा एक जुन्या गाड्यांचा दलाल येऊन बघून गेला. बॉनेट उघडलं, टायरला लाथ मारली, म्हणाला, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी येतो, फायनल करू." हे हो म्हणाले. रात्री जेवले नाहीत. बाबांनीही ताटात भात तसाच ठेवला, कारण त्यांची धाकटी बहीण बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर राहते, एसटी तिकडे मनात आलं तर जाते, आणि ही गाडी होती म्हणून तर दोघं म्हातारी भावंडं एकमेकांना दिसत होती. गाडी गेली की ते संपलं. मला सगळं कळत होतं हो. पण पूल आठवला की मी किल्लीला हात लावत नव्हते.

आणि मग एका संध्याकाळी हे म्हणाले, "चल जरा उल्हासनगरला, कॅम्प दोनला, सीट कव्हरवाल्याकडे." मी म्हटलं, विकायच्या गाडीला सीट कव्हर कशाला? दुकानात शिरल्यावर कळलं. त्या सिंधी दुकानदारानं काचेच्या काउंटरवर काडेपेटीएवढी काळी डबी ठेवली. तिला तीन बारीक दिवे, लाल, हिरवा, निळा.

"गाडी का दिमाग खोल देता है साईं. पिकअप देखना आप, पिकअप! भाभी चढाई पे खुद बोलेगी."

मग त्यानं अटी सांगितल्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये चिप लावायची. पुढचे दीड-दोनशे किलोमीटर ती चालवणाऱ्याचा पाय शिकते, म्हणून तोवर गाडी एकाच माणसानं चालवायची, नाहीतर चिप कन्फ्यूज होते. एसी बंद ठेवायचा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवायची. चढावर थांबलात तर पहिल्या गिअरमध्येच उचलायची, आणि थोडी रेस जास्त द्यायची. हे एखाद्या विद्यार्थ्यासारखे मान हलवत ऐकत होते. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझाच पाय शिकवू या तिला." एवढा केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं.

घरी बाबांनी चिप उजेडात धरून बघितली. म्हणाले, "अरे, ही तर लिंबू-मिरचीच. फक्त हिला दिवे आहेत."

"बाबा, हे सायन्स आहे," हे चिडून म्हणाले.

"सायन्स असेल तर उत्तमच. मग तपासून घेता येईल. आधी शिकू दे तिला हिचा पाय, मग बघू."

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. मी आनंदनगरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. शिफ्टच्या आधी आम्ही दोघं गाडी घेऊन निघायचो. एमआयडीसीचे रस्ते सकाळी मोकळे असतात, रुंद, कुत्रीसुद्धा कडेला झोपलेली. मी चालवायची, हे डावीकडे बसायचे. समोरचं त्यांना धुरकट दिसायचं, पण कान शाबूत होते. डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "ऐक, आता ती मागतेय. टाक तिसरा." मी टाकायची. आणि खरंच गाडीचं कण्हणं थांबायचं. मला तोपर्यंत गाडी म्हणजे नुसता आवाज वाटायचा, त्यात काही मागणं-बिगणं असतं हे ठाऊकच नव्हतं.

आणि एक गंमत झाली बघा. गाडी बंद पडली, दचके बसले, गिअर किरकिरला, तरी हे ओरडेनात. पूर्वी माझ्याकडून जरा क्लच चुकला की, "अगं काय करतेस!" आणि मग मी, आणि मग ते, आणि मग घरापर्यंत तोंडं दोन दिशांना. आता मात्र शांतपणे म्हणायचे, "असू दे. चिप नवीन आहे अजून, शिकतेय." मीसुद्धा म्हणायची, "हो ना, मठ्ठच आहे जरा." सगळा दोष त्या डबीचा. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं गोड आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. एखादी गरीब मोलकरीण घरात असावी आणि जे फुटेल ते तिच्या नावावर जावं, तसं त्या चिपचं झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रिकाम्या पुलावर मी गाडी घातली. मधोमध मुद्दाम थांबवली, पहिला टाकला, थोडी रेस दिली आणि सोडली. गाडी गेली की हो वर, मुकाट्यानं. मी ओरडले, "आली, आली, पॉवर आली!" हे टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये मी सगळ्या डिपार्टमेंटला चिपचं गुणगान ऐकवलं. आमचे मेंटेनन्सचे साहेब डबा खाता खाता म्हणाले, "मॅडम, टर्बोवाली डिझेल गाडी असेल आणि लॅपटॉप लावून कोणी इंजिनचं प्रोग्रामिंगच बदललं तर फरक पडतो. तुमच्या छोट्या पेट्रोल गाडीला ही डबी नुसते दिवे लावते." मी भडकले. म्हटलं, "तुम्ही चालवून बघितलीत का? नाही ना? मग आमटी प्या गपगार." बिचारे प्यायले.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. संध्याकाळी दलाल यायचा होता. पण चिपनं किमया केलीये, आता कसला दलाल, असं हे मला कानात सांगत होते. सकाळी आम्ही बाबांना घेऊन त्यांच्या बहिणीकडे, आत्याबाईंच्या पाड्याकडे निघालो. बदलापूर मागे पडलं, शेतं सुरू झाली, आणि बारवीच्या रस्त्यावर एक सरळ चढ लागतो, तिथे बाबा मागून म्हणाले, "थांबव गं बाय. इथे तपासू."

पद्धत त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती. कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. मी खाली उतरून पाठ करून उभं राहायचं. ते चिप लावतील किंवा काढतील, सॉकेटवर रुमाल बांधतील, म्हणजे दिवा दिसायला नको. मग मी एका दगडापासून निघायचं, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायचं, आणि वरच्या झाडापाशी पोचताना वेगाच्या काट्यावर किती आलं ते ते वाचतील. शेवटी मी सांगायचं, चिप कुठल्या वेळी होती.

पहिल्यांदा गेले. ठीक होतं. वळून खाली आले, परत उतरले, पाठ केली, परत गेले. दुसऱ्यांदा गाडी अशी उठली म्हणता! मला सीटमध्ये मागे दाबलं गेल्यासारखं वाटलं. वर पोचल्या पोचल्या मी म्हटलं, "ही! ही बघा चिप! आंधळ्यालासुद्धा कळेल." बोलले आणि जीभ चावली, शेजारी हे बसलेले.

बाबांनी मागून मूठ पुढे केली आणि उघडली. चिप त्यांच्या हातात होती. "काटा दोन्ही वेळा तिथेच आला," ते म्हणाले.

मी मानायला तयार नाही. उलट करा म्हटलं, परत करा. परत केलं, आणि एकदा परत. काटा तिथेच. माझं डोकं फिरलं. "त्या साईंला मी आत्ता जाऊन... दिमाग खोल देता है म्हणे! आणि तुम्ही, इतके शिकलेले, दिव्यांना भुललात!" बराच वेळ बडबडले मी. मग हे खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे गाडी गेली."

खरंच की. चिप खोटी, म्हणजे मी परत पुलावरची आंटी. मी परत गाडीत बसायला तयार होईना. आत्ताच चार-पाच वेळा चढ चढून आलेली बाई, अहो!

बाबांनी चिप शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "चला, बहीण वाट बघत असेल." बस्स, एवढंच. दुसरं कुणी चालवण्यासारखं नव्हतं, मग मीच चालवली. आत्याबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. भाऊ-बहीण ओट्यावर बसून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिले. निघताना आत्याबाई माझ्या खिडकीशी आल्या, स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आता तू आणशील ना गं ह्याला?" मी नुसती हसले.

परत येताना पुलावर भर गर्दी. पाण्याचा टँकर नेमका माझ्या पुढे, आणि मधोमध चढावर थांबला. माझ्या मागे रिक्षा, तिच्या मागे रांग. हॉर्न सुरू. घाम फुटला मला. सॉकेट रिकामं. हे काही म्हणतील म्हणून मी वाट बघितली, पण हे डोळे मिटून ऐकत होते. मग मीही ऐकलं. हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, क्लच अर्धा सोडला, इंजिनचा आवाज जरा दबला, हँडब्रेक खाली केला. टँकर हलला आणि त्याच्या मागोमाग मी. एक बोटभरही मागे गेले नाही. मेली चिप काय शिकणार होती, शिकत होते ती मी. पुलाच्या माथ्यावर मी रडायला लागले आणि रडत रडत उतार उतरले. हे घाबरून विचारतायत, "काय झालं, गाडी लागली का कुठे?" मी म्हटलं, "काही नाही लागली. गप्प बसा, मला चालवू द्या."

बिल्डिंगखाली दलाल मोटरसायकलवर बसून वाट बघत होता. आम्ही थांबताच उठला, परत टायरला लाथ मारली आणि ह्यांना म्हणाला, "क्या साहेब, फायनल करायचं ना?"

हे गाडीचं दार धरून चाचपडत उतरले. बाबाही उतरले. ह्यांनी एकदा टपावरून हात फिरवला, मग माझ्या बाजूला आले. मला वाटलं किल्ली मागतायत, म्हणून मी काढून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. माझी मूठ किल्लीवर मिटवली आणि दलालाला म्हणाले, "मला काय विचारता? गाडी हिची आहे."

दलाल माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "मंगळवारी ह्यांना इंजेक्शनला न्यायचंय. गाडी लागणार आहे मला."