खुर्चीवरची वंदना

मरोदा वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना कमलाबाईनंच सुरू करायची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. तिचा आवाजच तसा खडा. पण नवरा लहानू गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तिचा आवाज फुटला नाही अन् कपाळही जमिनीला टेकलं नाही. दोघी बायांनी धरून बसवलं होतं. राहिलेला तो प्रणाम वर्षाच्या दिवशी पुरा करायचा, एवढंच तिनं मनात धरलं.

मधेच मोरीत पाय घसरला. गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टरनं तारेनं जोडली अन् बजावलं, सांगितल्याशिवाय वाकवायचं नाही.

कमलाबाईला धीर कुठला! पाय असाच ताठ राहिला तर? सून आम्रपाली भाजीला गेली, की गोधडी अंथरून, पलंग धरून ती गुडघे टेकून पाहायची. एक दिवस आतून कट्कन वाजलं. आम्रपाली परतली तेव्हा सासू गोधडीवर आडवी, ओठ दाताखाली.

"आई, हे काय करून राहिल्या तुमी? डॉक्टरनं मना केलं होतं ना!"

"तुह्या सासऱ्यासाठी करून राहिली, माये."

तार तुटली होती. पुन्हा चिरलं, पुन्हा शिवलं. जखम भरली, दुखणंही गेलं. गुडघा तेवढा वाकेना. व्यायाम करवणाऱ्या बाईनं खूप जोर लावला, मग तिनंच नजर चुकवायला सुरुवात केली.

वर्षाच्या दिवशी आम्रपालीनं विहारात प्लास्टिकची खुर्ची मांडली.

"बुद्धापुढं खुर्ची? मी का कलेक्टर आहो?"

"बसा ना, आई. कोई कुछ नहीं बोलेगा."

"कोणी बोलन म्हणून नाही वं. मलेच कसंतरी वाटते."

"बस वं कलेक्टरीनबाई," तिची जुनी मैत्रीण अंजनाबाई म्हणाली, "मेणबत्त्या इझून राहिल्या."

ती बसली. पाय खांबासारखा पुढं. तिनं सुरू केलं, मागून साऱ्यांनी उचललं. प्रणामाची वेळ आली तशी सगळी सभा खाली गेली. नुसत्या पाठीच पाठी. वर उरली ती एकटी. तिनं हात जोडले, मान खाली घातली, आणखी घातली. कपाळ हवेतच राहिलं.

तिनं डोळे उचलले. बुद्धाच्या मूर्तीशेजारी लहानूचा फोटो होता, तो कामाला होता त्या प्लांटच्या गेटपासवरून मोठा केलेला. तो सरळ तिच्याकडेच पाहत होता.

माणसं उठून बसली, पुढच्या ओळीची वाट पाहू लागली. कमलाबाई फोटोकडेच पाहत राहिली. मग ती ओळ अंजनाबाईनं उचलली.