तळ्यापलीकडचा आवाज

डोंगरातल्या त्या रस्त्यावर प्रवाशांना तळी आणि हिमनद्या दाखवत जीप हाकणारे पुष्कळ होते, पण धाकट्याच्या जीपचा भाव वेगळा. शेवटच्या तळ्याशी त्याच्याकडे खास गंमत असायची. काठावर उभं राहून हाक मारली, की पलीकडच्या बर्फाच्या भिंतीवरून ती जशीच्या तशी परत यायची.

खरं सांगायचं तर ती भिंत वितळून केव्हाच मागे सरकली होती आणि तिच्याबरोबर पडसादही गेला होता. हाका परतवत होता तो धाकट्याचा थोरला भाऊ. सगळे त्याला भोंगा म्हणत आणि याला धाकट्या. पलीकडच्या खडकाआड घोंगडी पांघरून, चहाचा थर्मास घेऊन तो दिवसभर बसायचा. बाईचा आवाज, पोराचा आवाज, कुणाचा खोकलासुद्धा! लबाडीच ती, पण इतकी जीव ओतून केलेली लबाडी सहसा पाहायला मिळत नाही. घरीही खोड जाईना. "जेवायला या," म्हटलं की "जेवायला या," हेच उत्तर.

"मी माणसाशी लग्न केलं होतं, डोंगराशी नाही!" वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची.

आणि मग भोंग्याला न्यूमोनिया झाला. छाती खरखरत होती, आवाज पार गेला होता. सकाळी धाकट्या किल्ली घेऊन निघाला, तेव्हा भोंग्याने अंथरुणातूनच त्याचं मनगट धरलं. ओठ हलले, शब्द काही फुटला नाही.

"भावजी, आज नका जाऊ," वहिनी म्हणाली.

"लोकांना कबूल केलंय गं. आज बर्फ मुका आहे म्हणून सांगतो आणि लगेच येतो."

वाटेत निळं तळं आलं, हिरवं आलं. प्रवासी फोटो काढत होते आणि धाकट्या वहिनीला फोन लावत होता. लागत नव्हता. मन घरीच अडकलेलं.

शेवटच्या तळ्यावर वारा पडला होता. तो काही सांगणार, तेवढ्यात एका आजींनी हाक मारली, "कुणी आहे का?"

"कुणी आहे का?" पलीकडून आलं.

आवाज आजींचाच, पण शेवट जरा लांबवलेला. तसा फक्त भोंगा लांबवायचा. धाकट्या पलीकडच्या खडकाकडे पाहू लागला. तापात उठून आला की काय हा? पण पलीकडे जायला एकच पाऊलवाट, आणि तिच्यावरच्या ताज्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

सगळ्यांना चेव आला. हाकांवर हाका गेल्या, सगळ्या परत आल्या.

धाकट्या पाण्यात शिरला. बूट भिजले, त्याला भान नव्हतं.

"दादा, तू घरी आहेस ना?"

ही हाक मात्र जशीच्या तशी परत आली नाही.

"नाही रे बाळा."

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्या तिथेच पाण्यात मटकन बसला.