माउंटमागं गेलेली मान

शाळेचं माझं चौथीतच खलास झालं, पण माप मला कळतं. नव्वद सालानंतर अबुधाबीजवळ मुसफ्फात माझं फ्रेमचं दुकान होतं. देवांचे, शेखांचे, लग्नाचे फोटो, सगळ्यांना मी चौकटीत बसवायचो. काचा पुसायला बायको यायची.

एकदा एक जपानी साहेब चित्र घेऊन आला. जुनं, लाकडाच्या ठशांनी कागदावर छापलेलं. एक बाई आरशासमोर बसलेली, पाठ आपल्याकडं. तोंड आरशात बोटभर, मान मात्र ही एवढी, गोरीपान. साहेबानं स्वतःच्या मानेवर हात ठेवला. "हमारे यहाँ लेडीज का ब्यूटी इधर." मग दाराकडं पाठ करून काच पुसणाऱ्या माझ्या बायकोच्या अंबाड्याखाली बघितलं. "सेम! व्हेरी ब्यूटिफुल."

बायको लाजली. बारा वर्षांत माझ्यासमोर कधी लाजली नव्हती, लाजायचं खातं माझ्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी अंबाडा चार बोटं वर गेला. "अहो, साहेब फ्रेम न्यायला कधी येणार?" हे दिवसातनं तीनदा. साहेब साठीचा, जाड चष्म्याचा. त्याच्यावर जळत होतोच, पण त्या कागदावरच्या बाईवरसुद्धा जळायला लागलो.

मग चित्राभोवती लावतात तो पुठ्ठा, माउंट, मी मुद्दाम आत घेऊन कापला. मान झाकली. मान झाकली तशी बाईच झाकली. उरला आरसा.

साहेब आला आणि फ्रेमकडं बघतच राहिला. "लेडी किधर गया?"

"माप चुकलं, साहेब."

"यांचं माप?" बायको उठली. "सूतभर कधी चुकत नाही." साहेबाला म्हणाली, "साब, कल आओ, मैं ठीक करवाती."

तो गेल्यावर माझ्याकडं वळली. "मुद्दाम केलंत ना?"

"तो तुझी मान बघतो!"

"मग तुम्ही का नाही बघत? कायम दहा पावलं पुढं पळता. दिसणार कशी?"

संध्याकाळी बसस्टॉपला जाताना मी मुकाट मागं राहिलो. चालता चालता बघत होतो, दोनदा लोकांवर आपटलो.

"तुझ्या मानेवर तीळ आहे गं," मी म्हणालो.

ती मागं न वळता म्हणाली, "साहेबाला पहिल्याच दिवशी दिसला असेल."