सुशीलाच्या घशातला घास

भूत-बित, भास-बिस... माझा काडीचा विश्वास नाही. वीसेक वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर आहे, भास म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. तरी हे लिहितेय, कारण आत ठेवून ठेवून कंटाळले.

कोल्हापुरातलं आमचं हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड. तिथं सुशीला आहे — गगनबावड्याकडची, एक शब्द बोलत नाही, घरचं कुणी फिरकत नाही. औषधांनी तिचं गिळणं मंदावलंय. म्हणून भाकरी आमटीत कुस्करून द्यायची, आणि दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवून बसायचं. घास उतरलेला बोटांना कळला की मग दुसरा.

पण मी दमले होते हो. शिव्या, चावे, घरी आल्यावरही कानात तोच आरडाओरडा... इचलकरंजीत घराजवळ डायलिसिस सेंटरला नोकरी मिळाली, राजीनामा दिला. शेवटचा दिवस नेमका पाडव्याचा. नव्या पूजा सिस्टरला सगळं समजावलं आणि जेवणाच्या आधीच सटकले. नाहीतर रडले असते.

बस शिरोलीच्या पुढं गेली असेल. अचानक माझ्या बोटांखाली गळा लागला! ऊबदार, ओलसर... आणि घास अडकलेला. मी भर बसमध्ये ओरडले, "थुंक गं बाई, थुंक!"

शेजारचे आजोबा दचकले. "काय झालं, ताई?"

वॉर्डात फोन लावला, कुणी उचलेना. उतरले, रिक्षा केली, परत वॉर्डात धावले.

सुशीला कॉटवर बसलेली. जिवंत! पूजा शेजारी रडत होती. "सिस्टर, सणादिवशी काला कसला द्यायचा म्हणून मी तिला अख्खी पुरणपोळी दिली... आणि तूप आणायला गेले."

घास अडकला, सुशीला निळी पडली. पलीकडच्या कॉटवरच्या मंगलअक्का मलाच दटावायला लागल्या, "तुम्हीच की मागनं वाकवून धपाटं घातलासा! घास भाईर पडला बगा. आन आता परत कुठनं आलासा?"

डॉक्टर हसले, "पेशंटचं काय ऐकता?" बरोबर आहे, मंगलअक्कांना नसलेली माणसं दिसतात, ते आम्हाला ठाऊक आहे. पण पूजाचं काय? ती हळूच म्हणाली, "मी तुमचा आवाज ऐकून पळत आले. थुंक गं बाई, म्हणालात ना?"

बसमधलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

राजीनामा मागे घेतला. नवरा चिडला, बहीण अजून विचारते — त्या वेड्यांत काय ठेवलंय तुझं? काय सांगू तिला?

त्या दिवशी माझ्या जागी कोण उभं होतं, मला आजही माहीत नाही. विचार करून डोकं शिणलं. पण ते दुसऱ्यांदा येईल, याची हमी कोण देणार? म्हणून जेवणाच्या वेळेला मीच जाते.